गवतावरचं लेकरू

आमच्या आईला कुठं नेणं म्हणजे काय असतं, ते ऐका. परवा अमरावतीतच, चर्चच्या मैदानावर नाताळचा बाजार भरला होता, तिथं घेऊन गेलो. निघतानाच बजावलं, "फक्त पाहाचं. कोणाले काही शिकवाचं नाही."

"मी काहून शिकवू कोणाले?" म्हणाली.

पहिल्याच दुकानापाशी अडली. मातीच्या मूर्ती मांडल्या होत्या. मेरी, जोसेफ, मेंढरं, आणि मधे गवतावर बाळ येशू, उघडाच. दुकानवाली बाई आईच्याच वयाची.

"काहो बाई, एवढ्या थंडीत लेकराले उघडं काहून ठेवलं?"

बाई हसली. "ताई, मातीचं आहे ते."

"आमचा बाळकृष्ण तं पितळेचा आहे. त्यालेही स्वेटर घालतो आमी."

एवढं बोलून आईनं कमरेचा रुमाल काढला, घडी घातली आणि बाळाला गळ्यापर्यंत पांघरून मोकळी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या देवाला न विचारता हात लावला, आता चारचौघांत ऐकून घ्यावं लागणार. बाई काही बोलायच्या आत आईला ओढतच केकच्या दुकानाकडे नेलं.

परतताना त्या दुकानावरून मान खाली घालून चाललो होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक, खाली काय आहे ते पाहायला, रुमाल उचलायला गेलं. बाईनं झटकन त्याचा हात धरला.

"हळू ना भाऊ," ती म्हणाली. "आत्ताच झोपलं लेकरू."