मध्यंतरातल्या शेंगा

हार्लन : …बाद फेरीला बारा संघ घेतले, बारा! आणि त्यात आमच्या ‘खेचर’ संघाला जागा नाही! ताई, तूच सांग. अख्ख्या मोसमात एकच सामना हरलेला संघ घरी बसणार, आणि दोनदा मार खाल्लेली ती साळिंदरं बाद फेरीत मिरवणार. ह्याला न्याय म्हणायचा?

वर्नेल : मला काय विचारतोस? मी काय निवड समितीवर आहे? सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रार्थना सांगत होते आणि माझा सख्खा भाऊ कॉलेज फुटबॉलच्या समितीला शिव्या घालत होता. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती.

हार्लन : हळूच घालत होतो.

वर्नेल : तुझं हळूच अर्ध्या अलाबामाला ऐकू जातं.

डार्ला : बाबा, आत्या, मी लग्नाचं बोलायला आलेय. शनिवारी लग्न आहे माझं, आठवतंय ना?

वर्नेल : तरी म्हटलं होतं, फुटबॉलच्या दिवसांत शनिवारी लग्न ठेवू नकोस. आपल्याकडे कुणी ठेवतं का? अर्धी माणसं कानात रेडिओ खुपसून बसतील.

डार्ला : आता खेचरंच बाहेर पडली, म्हणजे बाबा तरी मोकळे. देवालाच माझी काळजी. बरं, बाबा, चर्चमध्ये हात धरून वेदीपर्यंत मला कोण घेऊन जाणार, ते आज ठरवायचंय. तुम्ही, की रॉस्कोकाका?

हार्लन : हा काय प्रश्न झाला? बाप कोण आहे तुझा?

डार्ला : बाप तुम्ही. पण तुमचं नि आईचं फिसकटलं, तिनं रॉस्कोकाकांशी लग्न केलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्याच घरात वाढले.

हार्लन : त्या साळिंदराच्या! बघू नंतर. आधी माझी योजना ऐका. उद्या रेडिओवर फोन करून सांगणार आहे. न्याय म्हणजे काय, ते कळू दे एकदा त्या लोकांना. ही लोणच्याची बरणी, ही आपली खेचरं. ही तिखट सॉसची बाटली, ती साळिंदरं.

वर्नेल : सॉस सांडू नकोस. टेबलक्लॉथ नवा आहे.

हार्लन : कलम पहिलं. जुने चषक मोजायचे नाहीत. साळिंदरांच्या कपाटात आजोबांच्या काळातले चषक आहेत म्हणून समिती नुसती लाळ गाळते. नुसत्या नावावर कुणाला जागा नाही!

डार्ला : वा! नुसत्या नावावर जागा नाही. पक्कं?

हार्लन : पक्कं. कलम दुसरं. कुणाशी खेळलात ते बघायचं. लिंबूटिंबूंना बडवून वर यायचं नाही. ज्यानं कठीण सामने काढले, त्याला जास्त वजन.

डार्ला : अगदी बरोबर. आणि तिसरं?

हार्लन : तिसरं सगळ्यात महत्त्वाचं! समितीतली ही मंडळी म्हणतात, आम्ही नजरेनं पारख करतो. अरे, कसली नजर? सामना अर्धा बघतात, मध्यंतरात उठतात, खायला जातात, आणि वर निकाल देतात! ज्यानं पूर्ण बघितलं नाही, त्याला बोलायचा अधिकार नाही. बस्स!

डार्ला : आत्या, ऐकलंस ना? तू साक्षीदार.

वर्नेल : ऐकलं गं बाई. मला आत्ताच हसू येतंय.

हार्लन : हसण्यासारखं काय आहे त्यात?

डार्ला : काही नाही. तुमचीच योजना लावून बघू या. लोणच्याची बरणी म्हणजे तुम्ही. सॉस म्हणजे रॉस्कोकाका. कलम पहिलं, नुसत्या नावावर जागा नाही. म्हणजे ‘बाप कोण आहे तुझा’ हे बाद.

हार्लन : ए! हे फुटबॉलचं होतं!

डार्ला : न्याय सगळीकडे सारखाच ना? कलम दुसरं, कठीण सामने. मी पंधरा-सोळाची असताना किती दारं आपटली, ते कुणी सोसलं? गाडी शिकताना मी त्यांच्याच ट्रकनं त्यांचीच टपालपेटी आडवी केली. तरी शेजारी बसून म्हणाले, चल, पुन्हा मागे घे. तुमच्याकडे मी यायची ती सुट्टीत, आइस्क्रीम खायला.

वर्नेल : लिंबूटिंबू सामने.

हार्लन : ताई, तू गप्प बस! आणि मी काय येत नव्हतो? दर शुक्रवारी तुझ्या शाळेच्या फुटबॉल सामन्याला मैदानावर हजर असायचो. पाऊस असो, थंडी असो, एक शुक्रवार चुकवला नाही मी!

डार्ला : नाही चुकवलात. मी काय करायची तिथं?

हार्लन : बँडमध्ये होतीस. ते लांबडं पितळी भोंगाडं वाजवायचीस.

डार्ला : ट्रॉम्बोन. आणि बँड मैदानात कधी यायचा?

हार्लन : …मध्यंतरात.

डार्ला : आणि मध्यंतरात तुम्ही कुठं असायचात?

वर्नेल : मी सांगू? उकडलेल्या शेंगांच्या रांगेत.

हार्लन : रांग मोठी असायची गं! मध्यंतरात नाही गेलं तर गरम शेंगा संपायच्या!

डार्ला : रॉस्कोकाकांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. साळिंदरांच्या गावचे म्हणून साळिंदर, एवढंच. ते मध्यंतराला यायचे आणि बँड संपला की घरी जायचे. चार वर्षं त्यांनी मला पूर्ण बघितलं, बाबा. तुम्ही एकदाही नाही.

(हार्लन लोणच्याची बरणी उचलतो आणि टेबलाच्या कडेला नेऊन ठेवतो.)

हार्लन : म्हणजे खेचरं इथंही बाहेर.

डार्ला : योजना तुमचीच आहे.

हार्लन : एकदा तरी म्हणायचंस, बाबा, थांबा म्हणून.

डार्ला : म्हटलं होतं. तुम्ही ‘आलोच’ म्हणालात, आणि बँड संपल्यावर मला शेंगा आणून दिल्यात. गरम होत्या. मी रडत रडत सगळ्या खाल्ल्या.

हार्लन : वाईट झालं ते. फार वाईट वाटतंय मला, पोरी.

वर्नेल : अरे, लोणच्यात रडू नकोस. आधीच खारट आहे.

हार्लन : …एक कलम राहिलं.

वर्नेल : झालं! आता हा वाट काढणार.

हार्लन : जागा वाढवायच्या.

वर्नेल : तू? चाराचे बारा संघ केले तेव्हा आठवडाभर जेवला नव्हतास! खिरापत वाटतायत म्हणून माझ्याच घरात बोंबललास!

हार्लन : माणूस शिकतो, ताई. डार्ला, ती चर्चमधली बाकांमधली वाट… रुंद किती आहे गं?

डार्ला : तिघं मावतात. खेटून चालावं लागेल, पण मावतात.

हार्लन : तुला कसं माहीत?

डार्ला : परवा रॉस्कोकाका टेप घेऊन मोजून आले. म्हणाले, तुझा बाप आधी भांडेल आणि मग येईल. त्याची जागा धरून ठेव.

हार्लन : त्या साळिंदरानं असं म्हटलं?

डार्ला : अस्सं म्हटलं.

हार्लन : …उजवी बाजू माझी. त्याला सांग.

डार्ला : सांगते.

वर्नेल : आणि मध्येच शेंगांचा वास आला तर?

हार्लन : येऊ दे. ह्या वेळी मी शेवटपर्यंत थांबणार आहे.