शेवटच्या रांगेतली जागा

...आणि वर म्हणे, कॉलेजात माणसं भेटतात! कुठं भेटतात? तुम्हाला सांगतो, आमच्या फ्रेस्नोच्या या दोन वर्षांच्या कॉलेजात तास सुटला की वर्ग असा रिकामा होतो, आग लागली तरी इतका होणार नाही! एक बर्गरच्या दुकानात पळतो, एक गोदामात, एकीला पाळणाघरातून लेकरू आणायचं असतं... मी चष्मा पुसून 'काय हो, शनीचे चंद्र कसे वाटले?' विचारायला मान वर करतो, तोवर समोर नुसता फळा! उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मी, वाक्य सुरू करायलाच वेळ लागतो. माझंच काहीतरी चुकत असेल म्हणा.

बायको गेल्यावर मुलगी इन्ग्रिड म्हणाली, "बाबा, भिंतींशी काय बोलत बसता? कॉलेजात नाव घाला, म्हाताऱ्यांना फी माफ आहे." घातलं. खगोलशास्त्र घेतलं. म्हणजे आधी भिंतीशी बोलत होतो, आता आभाळाशी!

पण एकदा तास संपवून गाडीकडे चाललो होतो, तर मागून एक गाडी हळूहळू... मी थांबलो की तीही थांबते! म्हटलं, लुटणार! काच खाली झाली, आत एक पोरगी. येसेनिया तिचं नाव. "सर, निघालात ना? बसा, सोडते तुमच्या गाडीपर्यंत. तुमची जागा मात्र मला हं!" आमच्याकडे रीतच आहे ही. गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून निघणाऱ्यालाच गाठायचं. पण मला 'बसा' असं कुणी म्हटलंच नव्हतं हो कित्येक महिन्यांत! तेवढ्या वाटेत तिनं आईचे गुडघे, साहेबाचा खडूसपणा, सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी पार शेवटच्या रांगेत लावायला लागलो. वाट लांबावी म्हणून!

आणि मग मी शेजाऱ्याची टपालपेटी पाडली. गाडीनं. इन्ग्रिडनं किल्ली काढून घेतली. "बाबा, आता बसनं जायचं." माझंच चुकलं असेल म्हणा, पेटी काही आपणहून आडवी आली नव्हती.

पुढच्या तासानंतर येसेनिया हजर. "बसा सर! कुठली रांग?" खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "शेवटची!" गेलो. "इथं नाही... पलीकडे असेल... नाही, नाही, त्या झाडाखाली..." चकरांवर चकरा!

"सर, माझी परीक्षा आहे हो! गाडी आहे कुठं?"

"मुलीच्या अंगणात."

"काय? मग बसलात कशाला?"

"तू 'बसा' म्हणालीस म्हणून."

तिनं गाडी थांबवली. मग हळूच म्हणाली, "उतरा, सर." परीक्षा बुडाली तिची. माझ्यामुळे!

म्हणून आता तास सुटला रे सुटला की मी धावत सुटतो, कुणी गाडी काढून जागा सोडली की तिच्या मधोमध उभा राहतो, छत्री आडवी धरून! येसेनिया येते, मी बाजूला होतो, ती गाडी लावून "देवासारखे आहात, सर!" म्हणत वर्गाकडे पळते. बस, एवढंच. तास चुकवून गप्पा मारणार का ती? पण ती येईपर्यंत बाकीच्यांचे भोंगे! "ओ आजोबा, माणूस आहात की गाडी?" "हटता की घालू अंगावर?" "डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हणतो, नसेल बाबांनो, माझंच काहीतरी चुकत असेल...

पण तुम्हाला सांगतो, अख्खं कॉलेज बोलतंय हो माझ्याशी! शिव्या घालतंय... पण बोलतंय!