गल्लीवर चढलेली घरं

...आणि वर मलाच विचारते, 'मावशी, तुझ्या गावातली माणसं चालतात कुठून?' आता तुम्हाला सांगते, माझं कसलं गाव? मी राहते विश्रांतवाडीत. ते गाव तिकडे लांब पूर्वेला, मोठ्या नदीच्या काठी, त्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. पण तिथे पूर आला आणि त्या गावातली घरं नकाशावर काढायचं काम रविवारी माझ्या गळ्यात पडलं, ते माझ्या भाचीमुळे, ह्या मैत्रीमुळे. ही माझ्या बहिणीची मुलगी, हिंजवडीला नोकरीला. हिने विहाराच्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडले आणि आम्हा बायकांना बसवलं.

'मावशी, हा पुराच्या आधीचा फोटो, वरून सॅटेलाइटने काढलेला. नकाशात हे गाव कोरंच आहे गं. मग मदतीच्या बोटवाल्यांना कळणार कसं, घरं कुठे नि वाट कुठे? म्हणून आपण छप्पर दिसलं की भोवती रेघ मारायची. एकदम ईझी.'

ईझी म्हणे. आमचे हे मला सोडायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, 'हिला पलीकडच्या गल्लीत पाठवली तर ही विचारत विचारत घरी येते. ही आता पुरातल्या लोकांना वाट दाखवणार. चांगलं आहे.' आणि गेले.

मी मनावर घेतलं नाही. बसले कामाला. अहो, मी इतकी वर्षं ब्लाउज शिवते, रेघेला माझा हात हलत नाही. आणि ब्लाउज बेतताना आपण काय करतो? मापाच्या बाहेर बोटभर कापड जास्त सोडतो. उद्या बाई अंगाने भरली तर उसवून सैल करता यावा म्हणून. मग घराला नको सोडायला? मुलाचं लग्न झालं, एक खोली पुढे काढावीशी वाटली, तर? मी प्रत्येक छपराला चारी बाजूंनी थोडं थोडं जास्त सोडलं. मोकळ्या मनाने सोडलं. ह्यात माझं काय चुकलं, सांगा.

तर तो अभय. हा सगळ्यांचं काम तपासतो. मागे येऊन उभा राहिला.

'जय भीम, मावशी. हे आपण काढलंत?'

'हो.'

'घरं प्रशस्त आहेत.'

मला वाटलं, कौतुक करतोय.

'इतकी प्रशस्त की गल्लीवर चढलीत. गल्ली कुठाय?'

आणि त्याने फोटो मोठा केला... तर घरांच्या दोन ओळींच्या मधून सुतासारखी एक वाट गेलेली, आणि तिच्यावर दोन्हीकडून माझं जास्तीचं कापड. पार झाकलेली. तेव्हाच मैत्रीने ते विचारलं, माणसं चालतात कुठून म्हणून. मी म्हटलं, चालायला आता पाणीच आहे ना तिथे. तर ती एकदम हळू बोलायला लागली.

'मावशी, हा नकाशा संध्याकाळी छापून बोटवाल्यांना देणार. गल्ली दिसली नाही, तर ते बाहेरूनच हाका मारतील आणि परत फिरतील. आतल्या लोकांना हाक ऐकू जाईल का?'

चहा आला, तो तसाच राहिला. अभय म्हणाला, सगळं पुसून दुसऱ्या कुणाला देऊ. मी म्हटलं, हात लावू नकोस, शिवलंय मी, उसवणार पण मीच. एकेक घर धरलं, एकेक कोपरा आत घेतला. छपराला अगदी चापून. माझ्या जन्मात मी इतकं तंग काही बेतलं नव्हतं, आणि प्रत्येक घर आत घेताना मनात आपलं येत होतं, बाई, ह्यांच्या घरात सून आली तर कशी मावणार... पण संध्याकाळच्या आत गल्ली उघडली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अभयने पाहिलं, मान हलवली आणि पास केलं. पुण्यात ह्याहून जास्त कौतुक होत नाही.

दोन दिवसांनी मैत्रीचा फोन. 'मावशी, बोट तुझ्या गल्लीतून आत गेली. आतली सगळी माणसं बाहेर आली.' मी हातातली कात्री बाजूला ठेवली.

'फक्त शेवटी तू एक गोल घर काढलंयस ना, ती पेंढ्याची गंजी होती. बोटवाले तिथेही गेले. वर दोन शेळ्या बसल्या होत्या. त्यांनाही आणलं.'

आता वरून गोल छप्पर दिसलं, मी घर म्हटलं. ह्यात माझं काय चुकलं?

पण आमच्या ह्यांना तेवढं पुरे झालं. गल्ली, माणसं, ते काही नाही. साऱ्या विश्रांतवाडीला सांगून आले, 'आमच्या हिने पुरातून शेळ्या वाचवल्या.' काल किराणावाल्याने साखर बांधता बांधता विचारलं, 'काकू, शेळ्या कशा आहेत?'

म्हटलं, बऱ्या आहेत.