अस्वलाचं खरं नाव

पंचावन्न साल असेल. माझे मेव्हणे पुण्यात भाषाशास्त्र शिकवायचे, ते भाट्याला आमच्याकडे आले होते. तिन्हीसांजेला पडवीत बसून मला म्हणाले, “प्राचीन स्लाव्ह लोक भीतीने अस्वलाचं नाव घेत नसत. मेद्वेदी म्हणत, म्हणजे मध खाणारा. हा शब्दही कुठे लिहिलेला नाही, आम्ही अभ्यासकांनी तो अंदाजाने उभा केला. खरं नाव मात्र त्यांच्या भाषेतून कायमचं गेलं. काय भित्री माणसं!”

तेवढ्यात दिवा घेऊन आलेली बायको म्हणाली, “दादा, पाय वर घे. खुर्चीखाली लांबडं आहे.”

“लांबडं म्हणजे काय?”

“दिवे लागले. आता नाव घेऊ नये.”

आत्ता उजेड आहे म्हणून सांगतो, साप होता.

मेव्हण्यांनी वाकून पाहिलं आणि खुर्चीवर उभे राहिले. बऱ्याच वेळाने वरूनच हळू आवाजात विचारलं, “गेलं का गं ते लांबडं?”