शेळीच्या कानाची खाच

रेश्मा : आजी, आमच्या बँकेचं हे कार्ड कुणी कापलं हो?

हिराबाई : कुणी म्हंजे? मी कापलं. अडकित्त्यानं. एका दमात.

रेश्मा : अहो, पण मशीन घेणार नाही ना आता! ही सोनेरी टिकली बघा, अर्धी गेलीय. कार्डाचं सगळं शहाणपण हिच्यातच असतं.

हिराबाई : मग ती कडेला कशाला ठेवली? शहाणपण मधी ठेवायचं.

महादू : म्याडम, मी सांगतो. मी हिचा मुलगा. घरात तीन कार्डं. माझं, बायकोचं न् आयेचं. तिन्ही एका डब्यात. गेल्या महिन्यात आये अनिताचं कार्ड घेऊन हितं आली न् आपला नंबर तीनदा दाबला. अनिताचं कार्ड बंद पडलं. दोन दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती.

हिराबाई : तुझ्या बायकोची भांडी एरवीपन बोलतात. ऐक गो पोरी. हाताला तिन्ही कार्डं सारखीच लागतात, गुळगुळीत. म्हणून माझ्याला खाच पाडली. आमच्या शेळ्यांच्या डाव्या कानाला खाच, शेजारच्या गोदूच्या शेळ्यांना उजव्या. रानात मिसळल्या तरी कान चाचपला की आपली कुठली, परकी कुठली, लगेच कळतं.

रेश्मा : शेळीला दोन कान असतात, आजी. कार्डाला टिकली एकच.

महादू : हिला आता दिसत नाय म्याडम, हे ती सांगायची नाय. आत्ता दारात पायरीला अडखळली.

हिराबाई : दिसतं. कमी दिसतं. तुझं तोंड वाकडं झालंय तेवढं दिसतं.

रेश्मा : कार्ड नसलं तरी चालतं, आजी. अंगठा लावून पैसे मिळतात.

हिराबाई : रेघा कुठं हायेत अंगठ्याला? पन्नास पावसाळे भाताची आवणी केली, चिखलात रोपं खोवली, शेणं थापली, सगळ्या घासून गेल्या. तुझं ते अंगठ्याचं यंत्र म्हणतं, ही बाई हिराबाई नायच!

महादू : म्हणून सांगतो, कार्ड माझ्याकडं राहू दे. मी काढून देत जाईन. आये, तूच घरात कबूल केलंस. आज तुझ्या हातानं पैसे निघाले नाय, तर कार्ड माझ्या खिशात.

हिराबाई : केलंय कबूल. बँक अजून बंद झाली नाय.

रेश्मा : पोटचा मुलगा आहे, आजी. दिलं तर काय बिघडलं?

हिराबाई : नवसूपन पोटचाच होता, माझ्या आयेच्या. माझा भाऊ. वैशाखरे गावात माहेर माझं. बाप गेला तवा त्यानं लुगडं आणलं, गोडाचं जेवायला घातलं न् म्हणाला, ताई, हितं अंगठा दे, शेताचं मी बघतो. आजवर तोच बघतोय. वाईट नाय गो तो. दिवाळीला लुगडं येतं. पण त्या बांधावर मी आता पाव्हणी. माझा म्हादूपन चांगलाच हाय. चांगल्या माणसालाच नाय म्हणणं जड जातं.

महादू : मी काय तुझे पैसे खाणार हाय?

हिराबाई : खाणार नायस. विचारणार हायस. आये, कशाला पायजेत? आये, एवढे कशाला? म्हसा गावच्या जत्रेत शेळी घ्यायची, तर तुझी परवानगी काढत बसू?

महादू : डोळ्यांनी दिसत नाय न् शेळी घेते!

हिराबाई : बघ पोरी. झालं सुरू.

रेश्मा : थांबा दोघं. आजी, मी नवीन कार्ड देते, आत्ता, हातोहात. हात पुढे करा. ही बारकी कड चाचपा.

हिराबाई : अगो! हिला खाच हाय. गोल. कुणी पाडली?

रेश्मा : कारखान्यातूनच तशी येते. डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठीची कार्डं आहेत ही. खाच अंगठ्याखाली धरायची, टिकली आपोआप पुढे जाते.

हिराबाई : म्हंजे माझं बरोबर होतं. जागा चुकली.

रेश्मा : आणि हत्यार.

हिराबाई : यंत्राला माझा अंगठा कळत नाय, पण अंगठ्याला खाच कळली बघ. आन कागद, सही करते. दुसरीपर्यंत शाळा झालीय माझी.

रेश्मा : झालं. आता या, मशीन इथंच आहे. हे कानात घाला, मशीन मराठीत बोलतं. आणि इथं बोट फिरवा. मधल्या बटणावर ठिपका लागला? तो पाच. वर दोन, खाली आठ. नंबर तुम्हीच ठरवा. मलाही सांगायचा नाही.

हिराबाई : म्हादू, तोंड फिरव.

महादू : मी काय चोर हाय?

हिराबाई : फिरव. रस्त्याकडं बघ. गाड्या मोज.

महादू : मला ठाऊक हाय तू काय ठेवणार. माझं जन्मसाल.

हिराबाई : तू झालास तवा आवणी चालली होती. साल कोण लिहून ठेवतो? गप आता, कानात बाई बोलते. काय गोड बोलते! हां बाई, दाबला. पुन्हा? पुन्हा दाबला. किती पायजेत म्हणते. सांगते की.

(मशीनच्या पोटात नोटा फडफडतात.)

रेश्मा : निघाले, आजी!

हिराबाई : मग काय मांजर निघणार होतं?

महादू : वळू का आता?

हिराबाई : किती गाड्या झाल्या?

महादू : नऊ. एक टेम्पो धरून दहा.

हिराबाई : खरंच मोजल्यास?

महादू : तू सांगितलंस ना. किती काढलेस?

हिराबाई : शेळीपुरते.

महादू : बरं. कार्ड तुझ्याकडं. मी नाय विचारायचा आता.

हिराबाई : उद्या विचारशील. म्हादू, दारात पायऱ्या किती रे?

महादू : तीन. येताना तर हात झटकलास.

हिराबाई : येताना तुझा डोळा कार्डावर होता. आता धर हात.