लेकीसाठी बिनमारकी गाडी

हं! बुक्का लावून झाला, हार घालून झाला, बुवांचा घसाही ओला करून झाला. पेटीवाले, तुमची डुलकी झाली का काढून? झाली? मग द्या सूर!

मंडळी, ऐका. इथं सगळे आईबाप बसलेत. लेकराची काळजी करता ना? — करता! बघा, सगळ्यांच्या माना कशा एकदम हलल्या! आता मला सांगा, ही जी काळजी तुम्ही करता, ती लेकराच्या कामाची असते, की आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून असते? — आता मान हलेना! बायकांच्या बाजूला तर एकदम चिडीचूप! असू दे, असू दे. घाई नाही. आधी आख्यान ऐका, मग उत्तर द्या.

आख्यान कुणाचं? राजाचं? ऋषीचं? छे! आटपाडीकडं एक खोपरवाडी आहे, तिथल्या हिंदुराव बाबरांचं! हिंदुराव म्हणजे आप्पा. बैलांचा पारखी माणूस! कुणाला खिल्लार बैल घ्यायचा असला की आधी आप्पांना न्यायचं. आप्पा बैलाभोवती एक फेरी मारणार, तोंड उघडून दात बघणार, वशिंडावर थाप मारणार, अंगावर केसांचा भोवरा कुठं आहे ते बघणार. भोवरा वाईट जागी असला, की संपलं! बैल फुकट दिला तरी आप्पा म्हणणार, 'न्हाई!' आणि आप्पांनी न्हाई म्हटलेला बैल बाजारातून तसाच घरी जायचा, मालकाचं तोंड बैलापेक्षा लांब करून!

अशा आप्पांना एकच लेक. प्रांजल! किती नवससायास करून झालेली! तिला ठेच लागली तर आप्पा दगडाला शिव्या द्यायचे. तिला शिंक आली तर गल्लीतल्या मिरचीच्या गिरणीवर भांडायला जायचे. असा बाप! — हसताय काय? तुमच्यातले दोघंतिघं मला इथूनच दिसताहेत!

तर ही प्रांजल अठरा वर्षांची झाली. बारावी उत्तम पास झाली, आणि तालुक्याला फार्मसीच्या कॉलेजात तिला जागा मिळाली. आनंदी आनंद! पण अडचण अशी, की प्रॅक्टिकल सुटायचं संध्याकाळी, आणि खोपरवाडीची शेवटची एसटी त्याआधीच निघून जायची. आता करायचं काय?

मालनकाकी, म्हणजे प्रांजलची आई, म्हणाली, "हॉस्टेलला ठेवू."

आप्पा म्हणाले, "परक्या दावणीला माझी लेक बांधणार न्हाई!"

"मग स्कूटर घ्या."

"दोन पायांवर उभं राहणारं जनावर मी दारात आणणार न्हाई!"

मग राहिली काय? चारचाकी! प्रांजल आधीच क्लासला जाऊन गाडी शिकलेली, लायसन हातात. म्हणाली, "आप्पा, सोमवारी हजर व्हायचंय. न्हाई गेले तर माझी जागा दुसऱ्याला देणार हायत."

आप्पा उठले. पटका बांधला. "चल. तुला गाडी घिऊन देतो. पण बघणार मी! गाडी कशी पायजे? गरीब पायजे. मारकी नको!"

मंडळी, कळलं का? आप्पा गाडी घ्यायला निघाले नव्हते. आप्पा बैल बघायला निघाले होते!

तालुक्याला इलाहीभाई तांबोळी जुन्या गाड्या विकायचे. भला माणूस, बोलायला गोड. त्यांनी पहिलीच गाडी दाखवली ती लालभडक. आप्पा चार हात लांबच उभे राहिले. म्हणाले, "डोळे बघा कशे वटारलेत!"

इलाहीभाई म्हणाले, "आप्पा, ते दिवे आहेत!"

"दिवे असू द्या, नाहीतर समया असू द्या. नजर चांगली न्हाई. फुडची!"

पुढची पांढरी. आप्पा खूश! रंग खिल्लारी, अंगकाठी नीटस. आप्पांनी फेरी मारली. पाठीवर थाप मारली. खाली वाकून चारी चाकं अशी दाबून बघितली, जणू खुरच! इलाहीभाईंना वाटलं, आता जमलं. आणि आप्पा एकदम थांबले. मागच्या बाजूला पत्र्याला एक बारकासा गोल पोचा होता. आप्पांनी त्यावर बोट ठेवलं, आणि तोंड कडू केलं.

"भोवरा हाय!"

"आप्पा, तो पोचा आहे! भिंतीला लागली होती!"

"बघा, भिंतीला लागली! म्हंजे भोवऱ्याचा गुण आलाच की! धनी खातो असला भोवरा. फुडची!"

प्रांजल बिचारी एका कडेला उभी. मध्ये एकदा म्हणाली, "आप्पा, मी चालवून बघू का?" आप्पा म्हणाले, "तू थांब गं. आधी जनावर तर ठरू दे!"

दुपार झाली. आप्पांनी एक गाडी लांब तोंडाची म्हणून सोडली, एक गुरगुरते म्हणून सोडली. शेवटी कोपऱ्यात एक राखाडी रंगाची जुनी गाडी दिसली. गप उभी! आप्पा जवळ गेले. म्हणाले, "ही काय करते?"

इलाहीभाई दमून गेले होते. खरं तेच बोलले. "आप्पा, ही काहीच करत नाही. शाळेतल्या एका बाईंची होती. शाळा आणि घर, घर आणि शाळा. पळायचं हिला ठाऊकच नाही."

आप्पांचे डोळे भरून आले हो! "गरीब हाय?"

"गाय आहे, आप्पा, गाय!"

पण पारखी माणूस नुसत्या बोलण्यावर जातो का? बैल घेताना तो बुजतो का ते बघतात. तोंडापुढं एकदम छत्री उघडायची, कानाशी हलगी वाजवायची. बैल उधळला, की सौदा मोडला! आप्पांनी काय करावं? — तबलजी, हलगीचा ठेका धरा जरा! — आप्पांनी बाजारातून हलगीवाला आणला हो! गाडीपुढं उभा केला! कड्‌कड्‌कड्‌कड् हलगी सुरू! आणि आप्पांनी बॉनेटपुढं फाडकन छत्री उघडली!

गाडी हलली का? हलायला ती चालू कुठं होती! पण इलाहीभाई असे दचकले, की हातातला चहा स्वतःच्याच शर्टावर! रस्त्यानं जाणारा एक नवरदेवाचा घोडा बुजला आणि नवरदेवासकट गल्लीत शिरला! माणसं गोळा झाली. आणि त्या सगळ्या गोंधळात राखाडी गाडी आपली जागच्या जागी शांत! आप्पांनी तिच्या नाकावरून हात फिरवला. "हीच!"

आता सौदा. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही, मंडळी. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाहेरच्याला पत्ता लागत नाही. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, इलाहीभाईंच्या हातावर टाकलं, आणि खालून त्यांची दोन बोटं घट्ट दाबली. इलाहीभाई गाड्यांचे व्यापारी, त्यांना काय माहीत? ते घाबरून इकडंतिकडं बघायला लागले. हळूच म्हणाले, "आप्पा... माझं लग्न झालंय!"

— हसा, हसा! पण नीट बघा, हसताना एक गोष्ट निसटतेय. एवढा वेळ गेला, एवढी पारख झाली. त्यात प्रांजल कुठं आहे? ती आहे हलगीवाल्याच्या मागं, लाजेनं मान खाली घालून उभी. गाडी तिची, कॉलेज तिचं. आणि तिला कुणी विचारलंय का, 'बाई, तुला काय वाटतं?'

असो. सौदा तोंडानंच झाला. इलाहीभाईंनी रविवारी गाडी खोपरवाडीत आणून पोचवली. आप्पांनी तिला घुंगुरमाळ बांधली. टपावर बैलाची झूल टाकली. अंगणाला उतार होता. इलाहीभाईंनी सांगितलं, "आप्पा, हँडब्रेक ओढलाय, हलणार नाही." आप्पा म्हणाले, "त्या दांडीवर माझा भरवसा न्हाई." आणि त्यांनी दावं आणून गाडी मागून खुंट्याला बांधली! मालनकाकीनं विचारलं, "वैरण टाकू का?" आप्पांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

उजाडला सोमवार! चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. काकीनं लेकीला ओवाळलं, गाडीला ओवाळलं. प्रांजल आत बसली. पट्टा लावला. आरसा नीट केला. गाडी सुरू केली. गल्ली सगळी बघायला उभी! काकी ओरडली, "आवं, दावं सोडा की!"

आप्पांनी दावं सोडलं. खुंट्याचं सोडलं हं! गाडीचं नाही! खुंट्याकडचं टोक त्यांनी सोडलं... आणि ते स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं!

का? अहो, नवं जनावर पहिल्यांदा बाहेर काढताना धनी दावं धरून वेशीपर्यंत चालत जातो. आप्पा म्हणाले, वेशीपर्यंत जावं संगं. नवी हाय. गाडीबी नवी, पोरगीबी नवी. कुणाला कळतंय?

प्रांजलनं पहिला गिअर टाकला. गाडी हळूहळू निघाली, आप्पा मागून डुलत डुलत. घुंगरं वाजताहेत. काय ऐट! पाराजवळ आली... आणि पोरीनं दुसरा टाकला!

— वाजवा! तबलजी, वाजवा! — आप्पा चालत होते ते पळायला लागले! दावं ताणलं! पटका सुटला! एक पायताण पाराजवळ, दुसरं गिरणीपुढं! आप्पा बैलाला थांबवतात तसं ओरडताहेत, "हो! हो! होऽऽ!" गाडीला काय कळतंय हो? न्हाव्याकडं अर्धी दाढी केलेले गणूतात्या फेस लावूनच बाहेर आले आणि म्हणाले, "आप्पा, बंद पडली तर मागनं ढकलायची असती! दावं बांधून वडत न्हाईत!" आप्पा म्हणाले, "मी... वडत... न्हाई! ती... मला... वडतीय!"

सोडायचं ना दावं? एवढं सोपं काम! मनगट मोकळं करायचं, बस्स! पण आप्पा काही सोडायला तयार नाहीत!

तेवढ्यात प्रांजलनं आरशात बघितलं. बाप पळतोय! तिनं घाबरून करकचून ब्रेक मारला नाही. हळू, हळू, हळू गाडी कडेला घेतली आणि थांबवली. आप्पा आले तसे डिकीवर आदळले आणि गाडीला मिठी मारून उभे राहिले.

पोरगी धावत बाहेर आली. "आप्पा! लागलं का?"

आप्पांना धाप लागलेली, तरी आवाज मोठा. "हळू हाकता येत न्हाई? मी मागं हाय, दिसत न्हाई?"

"दिसला म्हणूनच थांबले न्हवं का?"

मग तिला रडू आलं. म्हणाली, "आप्पा, तुम्ही समद्या गाड्या बघितल्या. दिवं बघितलं, चाकं बघितली. गाडीपुढं हलगी वाजवली! पण मला एकदा तरी चालवताना बघितलं का?"

अहो, हा माणूस बाजारात लोकांना काय सांगायचा? 'बैल कसला बी असू दे, आधी हाकणारा कोण ते सांगा!' सगळ्या जगाला सांगितलं, आणि घरात विसरले. आप्पांना लाज वाटली. डिकीवरून उठलेसुद्धा नाहीत, तिथंच गाल टेकवून म्हणाले, "मला भ्या वाटतंय, पोरी."

प्रांजल म्हणाली, "मलाबी वाटतंय, आप्पा. म्हणून तर सारखी आरशात बघते."

आप्पा सरळ उभे राहिले. त्यांनी मनगटाचं दावं सोडलं. वळ उठला होता. गाडीचंही सोडलं, गणूतात्यांच्या हातात दिलं, आणि अनवाणी जाऊन लेकीशेजारी बसले. म्हणाले, "हाक."

मग बसल्या बसल्या काय केलं? दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली! प्रत्येक वळणाला पाय असे खाली दाबताहेत, जणू ब्रेक त्यांच्याकडंच आहे! घाटात मागून एक जीप हॉर्न वाजवत अंगावर आली. आप्पांनी डोळे मिटले. प्रांजल ना चिडली, ना घाबरली. गाडी कडेला घेतली, जीप जाऊ दिली, आणि आपल्या चालीनं पुन्हा निघाली. आप्पांनी एक डोळा उघडला. लेकीकडं बघितलं. मग दुसरा उघडला. आणि तिथून पुढं त्यांनी रस्ता बघितलाच नाही. तिच्याकडंच बघत राहिले.

कॉलेजचं फाटक आलं. प्रांजल म्हणाली, "उतरा, आप्पा." आप्पांना उतरायचं होतं हो! पण मूठ धरलेली बोटं सुटेनात! आखडली! मग त्या पोरीनं काय केलं? बापाचं एक एक बोट धरलं आणि हळूच उघडलं. लहानपणी बापानं तिच्या मुठीतला खडा काढून घ्यावा, तसं. सगळी बोटं मोकळी झाली. आप्पा खाली उतरले.

"संध्याकाळपर्यंत थांबता का? संगं जाऊ घरी."

आप्पा फाटकात उभे राहिले, आतल्या पोरापोरींकडं बघितलं. म्हणाले, "न्हाई. मी एसटीनं जातो. तू ये तुझी तू."

आणि गेले! अनवाणी गेले! एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही. एसटीत बसल्यावर रडले, पण ते कंडक्टरनं बघितलं, लेकीनं नाही!

मंडळी, आता उत्तर द्या. काळजी कुणासाठी? — नाही येत? मग असं करा, तोंडानं सांगू नका. सगळ्यांनी हात पुढं करा. करा, करा! पेटीवाले, तुम्हीसुद्धा! काका, तुमचा मुलगा पन्नाशीचा झालाय, तरी त्याच्या दुकानाची किल्ली तुमच्याच कंबरेला आहे. करा हात पुढं! आता घट्ट मुठी आवळा. मुलगा, सून, लेक, जावई, कोण कोण धरून ठेवलंय त्यात ते आठवा. आवळल्या? आता त्याच आवळलेल्या मुठींनी देवासाठी एक टाळी वाजवून दाखवा.

वाजली? नाही ना?

मग उघडा त्या मुठी! आणि दोन्ही हात वर करून, मोकळ्या हातांनी म्हणा — विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!