कानाचं निमित्त

(गुहागर, २००६. डॉ. मालिनी ओक यांचा दवाखाना. दार लोटलेलं, बाहेर बाकावर पेशंट.)

मालिनी : हलू नकोस रे. कुठला कान फाटला होता म्हणालास?

तन्वीर : डावा.

मालिनी : डावाच बघतेय मघापासून.

तन्वीर : मग उजवा असेल.

मालिनी : तन्वीर, तुझ्या दंडावर पहिली सुई मीच टोचलीय. पडदा फाटून भरला की बहुतेक व्रण राहतो. तुझे दोन्ही पडदे उडदाच्या पापडासारखे अखंड आहेत.

तन्वीर : चांगलंच झालं की. करा सही.

मालिनी : हा फॉर्म तरी कसला?

तन्वीर : डाइव्हमास्टरचा. मस्कतला सुट्टीच्या दिवशी हौसेनं बुड्या मारायचो ना, त्याचं साधं कार्ड आहे माझ्याकडं. हा पुढचा कोर्स, धंद्याचा. लोकांना पाण्याखाली न्यायचं, सांभाळून वर आणायचं. कोर्सचे सर म्हणतात, पास हो, नोकरी देतो. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.

मालिनी : आणि यात विचारलंय, कानाचा पडदा कधी फाटला होता का. काय लिहू?

तन्वीर : 'हो' लिहा. आता जुळला, बुडी मारायला हरकत नाही, असं लिहा.

मालिनी : जो फाटलाच नाही तो जुळला कसा लिहू?

तन्वीर : बाई, मी कोर्सला निघालो की मोहल्ला विचारणार, कान बरा कधी झाला? तुमचा कागद असला की दाखवता येईल.

मालिनी : म्हणजे हे जुनेदच्या वेळचं. तो होडीवरून खाडीत पडला, तेव्हा तू कानाला मफलर बांधून जेट्टीवर उभा होतास. मी होते तिथे.

तन्वीर : जुनेदच्या अब्बांनी, वजीरचाचांनी, जीप पाठवून मुंबईहून बुडीचा हवेचा सिलिंडर आणवला होता. माझ्यापुढं आणून ठेवला. म्हणाले, जा बेटा, माझ्या पोराला आण, तुझ्याकडं कार्ड आहे.

मालिनी : मग?

तन्वीर : पाणी बघितलंत ना तेव्हाचं? नुसता चहा. हात पुढं धरला तर बोटं दिसणार नाहीत. मी काचेसारख्या पाण्यात रंगीत मासे बघणारा माणूस, बाई. सिलिंडरला हातच लावला नाही.

मालिनी : मग तसं सांगायचं, मेल्या! हौशी माणसाचं कामच नव्हे ते. कोण बोललं असतं तुला?

तन्वीर : कुठल्या तोंडानं सांगू? वर्षभर पानाच्या टपरीवर कार्ड नाचवत होतो. तीस मीटर गेलो, चाळीस गेलो. अठराच्या खाली कधी गेलो नाही मी. त्या दिवशी तोंडातून आपोआप कानाचंच निमित्त निघालं, पडदा फाटलाय म्हणून. दोन दिवसांनी जुनेद वेळणेश्वरला किनाऱ्याला लागला.

मालिनी : हं.

तन्वीर : त्याची आई, हफीजाचाची, दर महिन्याला लसणीचं तेल कढवून पाठवते. माझ्या कानासाठी.

मालिनी : त्याचं काय करतोस?

तन्वीर : फेकवत नाही. घालतो कानात.

मालिनी : तरीच आत तेलाचा थर आहे! अरे, काय म्हणू तुला? खरं सांग, कोर्स कशाला हवाय? पोटासाठी, की हे झाकायला?

तन्वीर : दोन्हीसाठी. खराखुरा पाणबुड्या झालो तर जेट्टीवर मान वर करता येईल, असं वाटतं.

मालिनी : तर मग मान माझ्या खोट्या सहीनं वर करू नकोस. हफीजाबी बाहेरच बसलीय, प्रेशर तपासायला.

तन्वीर : माहीत आहे. नंबर तिचाच होता. मला म्हणाली, तू जा आधी, कानाचं दुखणं वाईट.

मालिनी : फॉर्म घरी ने. शांतपणे विचार कर.

तन्वीर : घरी नेला तर परत आणायचा नाही मी. ओळखतो ना स्वतःला. 'नाही' लिहा. कधीच फाटला नव्हता. आणि चाचीला आत बोलवा.

मालिनी : नक्की?

तन्वीर : लवकर बोलवा, बाई.

मालिनी : हफीजाबी, ये गं आत.

हफीजा : झालं रे बेटा? काय म्हणतात बाई? भरला पडदा?

तन्वीर : चाची, बसा आधी.

हफीजा : बसते. तू असा का झालायस?

तन्वीर : पडदा फाटलाच नव्हता. तेव्हापण नाही. मी पाण्याला घाबरलो होतो, चाची. म्हणून खोटं बोललो.

मालिनी : हफीजाबी, त्या पाण्यात कुणालाच...

हफीजा : थांबा बाई. त्याला बोलू द्या. तेव्हा मी तुझा मफलर नीट बांधला होता ना रे? जेट्टीवर? वारा लागेल म्हणून?

तन्वीर : हो.

हफीजा : आणि तू बांधू दिलास.

तन्वीर : हो, चाची.

हफीजा : आता कुठं चाललास?

तन्वीर : शिकायला. बुडालेल्याला शोधायचं कसं, तेही शिकवतात. पुढच्या वेळी कुणी हाक मारली तर...

हफीजा : पुढची वेळ कुणाची रे?

मालिनी : हफीजाबी, हात इकडे कर. पट्टा बांधते.

हफीजा : थोडं थांबा, बाई. आत्ता नका बघू प्रेशर.